लायसन्स नसलेला रेडिओ

गेल्या शनिवारी कपाटाच्या वरची जागा मोकळी करत होतो. नवा राऊटर तिथे ठेवता येईल का, ते बघायचं होतं. वर आजोबांची जुनी पत्र्याची पेटी होती. ती खाली काढली, धूळ झटकली आणि नेहमीप्रमाणे मूळ काम बाजूला ठेवून पेटीत काय आहे ते बघत बसलो. जुने फोटो, विम्याच्या पावत्या, आणि एक छोटंसं पुस्तक. आजोबांच्या रेडिओचं लायसन्स! दरवर्षी पोस्टात जाऊन पैसे भरायचे आणि त्या पुस्तकात शिक्का मारून आणायचा.

मुलाला दाखवलं. तो म्हणाला, "रेडिओ *ऐकायला* लायसन्स? कशाला?"

आता काय सांगणार? तो काळच तसा होता. १९३३ च्या भारतीय बिनतारी तारायंत्र कायद्यानुसार बिनतारी संदेशाचं कुठलंही यंत्र परवान्याशिवाय नुसतं घरात बाळगणंसुद्धा गुन्हा होता. ऐकण्याचा रेडिओही त्यातच आला. घरगुती रेडिओची ही पोस्टातली लायसन्सं १९८० च्या दशकाच्या मध्यात बंद झाली.

मग माझंच डोकं चालायला लागलं. आजोबांचा रेडिओ नुसता ऐकायचा, त्याला लायसन्स. माझा राऊटर ऐकतो आणि बोलतोही, म्हणजे खरं तर ते एक छोटं आकाशवाणी केंद्रच झालं. आणि त्याला मात्र काही नाही? दुकानातून आणा, प्लग लावा, सुरू. असं कधीपासून झालं? कोणी होऊ दिलं?

तर मंडळी, निघालो होतो राऊटर घ्यायला आणि शिरलो इतिहासात. पण शेवटी राऊटर निवडायला त्या इतिहासाचाच उपयोग झाला, म्हणून हा लेख.

*

आधी आमची अडचण सांगतो. आम्ही राहतो विश्रांतवाडीत, धानोरी रोडच्या बाजूला. चौथा मजला. नवी बिल्डिंग, म्हणजे विटांच्या भिंती नाहीत, अ‍ॅल्युमिनियमच्या साच्यात ओतलेल्या सबंध काँक्रीटच्या. खिळा ठोकायचा तर ड्रिल मशीन लागतं. घरात माणसं पाच, आणि नेटवर असलेल्या वस्तू मोजल्या तर तेवीस! फोन, लॅपटॉप, टीव्ही, टॅब, कॅमेरा, गीझरचा स्विच, आणि एक बल्ब, जो मी कुठल्याशा दिवाळी सेलमध्ये घेतला आणि त्यावरून अजून बोलणी खातो. संध्याकाळी साडेआठला बायकोचा परदेशातल्या क्लायंटबरोबर कॉल, मुलाचा गेम, बाबांचं यूट्यूबवर कीर्तन, आईची मालिका, आणि माझं काहीतरी डाउनलोड, असं सगळं एकदम चालतं.

राऊटर पाच-सहा वर्षांचा जुना. लॉकडाउनमध्ये, मार्च २०२० नंतर घाईघाईत बसवलेला. पंधरा दिवसांपूर्वी बायकोच्या वर्षाच्या रिव्ह्यूच्या कॉलमध्ये ती महत्त्वाचं काही सांगत असताना आवाज गेला. परत जोडेपर्यंत समोरचे लोक पुढच्या विषयावर गेले होते. तीन महिन्यांचं काम तिचं, आणि ते सांगितलं दुसऱ्याच कोणीतरी. त्या रात्री ती चिडली नाही, हे जास्त वाईट होतं. फक्त म्हणाली, "अरे, तुझ्या खोलीत बरं चालतं सगळं."

मी म्हटलं, "उद्याच नवीन राऊटर आणतो."

उद्या आला आणि मी चक्रावलो. खोक्यांवर नुसते आकडे. एसी १२००, एएक्स १५००, एएक्स ३०००, वाय-फाय ६, ६ई, ७. साडेतीन हजारांपासून अठरा हजारांपर्यंत. आपण सॉफ्टवेअरवाले, पण खरं सांगतो, हार्डवेअरच्या दुकानात आपणही गिऱ्हाईकच. अठरा हजारवाला कार्टमध्ये टाकला होता. आठ काळे अँटेना, उलट्या पडलेल्या कोळ्यासारखे. बायको म्हणाली, "आधी नक्की काय बिघडलंय ते तर कळू दे."

*

आता इतिहास.

वाय-फायची मूळची जागा २.४ गिगाहर्ट्झ. ही जागा म्हणजे रेडिओलहरींच्या गावातला उकिरडा होता म्हणा ना. १९४७ साली अमेरिकेत अटलांटिक सिटीला आंतरराष्ट्रीय दूरसंचार परिषद भरली. तिथे काही पट्टे उद्योग, विज्ञान आणि वैद्यकीय यंत्रांसाठी काढून ठेवले गेले, म्हणजे संदेश पाठवायला नव्हे, तर तापवणं वगैरे कामांसाठी. मायक्रोवेव्ह ओव्हन चालतो तो याच पट्ट्यात. इतकी खरखर असलेल्या ठिकाणी दुसरं कोण कशाला येणार?

१९८५ साली अमेरिकेच्या दूरसंचार नियामकांनी ठरवलं की या पट्ट्यांमध्ये कोणीही विनापरवाना यंत्र चालवावं. अट एवढीच की ताकद कमी ठेवायची, आणि एकाच सुरावर जोरात ओरडण्याऐवजी आपला संदेश रुंद पट्ट्यावर पसरून पाठवायचा. दुसऱ्याचा त्रास सहन करायचा, तक्रार करायची नाही. बस.

याचा फायदा पहिल्यांदा उचलला कोणी? गल्ल्याच्या यंत्रांनी! एनसीआर ही कंपनी दुकानांतली पैसे मोजायची यंत्रं बनवायची. दुकानाची मांडणी बदलली की दरवेळी वायरी उखडायला नकोत, म्हणून तिच्या नेदरलँड्समधल्या लोकांनी बिनतारी जोडणी तयार केली, तीच वेव्हलॅन. तिथलेच विक हेस १९९० पासून ८०२.११ या मानकाच्या समितीचे अध्यक्ष झाले. मानक आलं १९९७ मध्ये, वेग १ आणि २ एमबीपीएस. १९९९ मध्ये ११ एमबीपीएसचं '८०२.११ बी' आलं. त्याच वर्षी ॲपलने आयबुकबरोबर एअरपोर्ट आणला, ९९ डॉलरचं कार्ड आणि २९९ डॉलरचं बेस स्टेशन. 'वाय-फाय' हे नावही १९९९ चंच, एका ब्रँडिंग कंपनीकडून पैसे देऊन करून घेतलेलं.

पण परवाना नाही, पोलीस नाही, तर सगळे एकदम बोलले की गोंधळ होणार नाही का? याचं उत्तर त्याहून जुनं. १९७१ मध्ये हवाई विद्यापीठात नॉर्मन अब्रॅमसन यांनी 'अलोहा' नावाचं रेडिओ नेटवर्क सुरू केलं. बेटाबेटांवरची ठिकाणं एकच फ्रिक्वेन्सी वापरायची. नियम साधा: बोलून टाका, पोच आली नाही तर थोडं थांबून पुन्हा बोला. पुढे इथरनेटने त्यात सुधारणा केली, की बोलण्याआधी ऐकायचं. वाय-फायने दोन्ही घेतलं. आधी कान द्या; कोणी बोलत असेल तर गप्प बसा; संपलं की मनातल्या मनात काही आकडे मोजा आणि मग बोला.

चाळीतला सार्वजनिक नळ आठवा. नळ एक, बिऱ्हाडं वीस. भांडण नको म्हणून रांग. आता एक काकू आल्या गळकी कळशी घेऊन, ती भरायला दहा मिनिटं. मागच्यांच्या बादल्या कितीही मोठ्या असोत, थांबावंच लागतं. वाय-फायमध्येही नेमकं हेच होतं. लांबच्या खोलीतलं, दोन भिंतींपलीकडचं यंत्र हळू बोलतं, आणि तेवढा वेळ हवा अडवून ठेवतं. हवेचा *वेळ* सगळ्यांचा एकच असतो. खोक्यावरचा वेग हा नळाखाली एकटेच उभे असण्याचा वेग आहे. पहिला धडा: आपली तेवीस यंत्रं एकाच नळावर आहेत, आणि सगळ्यात कमजोर यंत्राचा त्रास सगळ्यांना होतो.

*

पुढची गोष्ट मला स्वतःला फार आवडली.

घरात रेडिओलहर सरळ जात नाही. ती भिंतीवर, कपाटावर, फ्रिजवर आपटून येते. एकाच शब्दाचे दहा प्रतिध्वनी, सगळे किंचित मागेपुढे. रिकाम्या जिन्यात कोणी भरभर बोललं की काही कळत नाही, तसं. वेग वाढवावा तर शब्द एकमेकांत मिसळणार. १९९० च्या सुमारास घरातल्या बिनतारी जोडणीची खरी अडचण हीच होती.

यावरच्या उत्तरातला एक मोठा वाटा आला ऑस्ट्रेलियातून. तिथल्या सीएसआयआरओ या सरकारी संशोधन संस्थेतले जॉन ओ'सलिव्हन हे मूळचे रेडिओ खगोलशास्त्राचे. १९७० च्या दशकात ते आणि सहकारी फुटणाऱ्या चिमुकल्या कृष्णविवरांचे रेडिओ संकेत शोधत होते. ते सापडले नाहीत. पण विस्कटलेला संकेत फूरिए गणिताने नीट कसा करायचा, ही विद्या हातात राहिली. तीच पुढे घरातल्या प्रतिध्वनींवर लावली. १९९२ मध्ये ऑस्ट्रेलियात पेटंटचा अर्ज केला, १९९६ मध्ये अमेरिकेचं पेटंट मिळालं. पुढे कोर्टकचेऱ्या झाल्या आणि तडजोडींतून संस्थेला चाळीस कोटी ऑस्ट्रेलियन डॉलरहून जास्त रक्कम मिळाली. (वाय-फायचा शोध एकट्या कोणी लावला असं म्हणता येत नाही. डच, अमेरिकन, ऑस्ट्रेलियन, सगळ्यांचे हात आहेत. पेटंटच्या त्या भांडणात हाच तर वाद होता.)

युक्ती अशी: एकच संदेश सुसाट पाठवू नका. त्याचे बारीक बारीक तुकडे करा आणि शेजारशेजारच्या अनेक सुरांवर सावकाश पाठवा. '८०२.११ ए' आणि २००३ च्या '८०२.११ जी' मध्ये असे ५२ सूर होते. आमच्या भागात राहणाऱ्याला हे चटकन कळेल. आषाढीच्या आधी ज्ञानोबा माउलींची पालखी आळंदीहून दिघी, विश्रांतवाडीवरून पुण्यात शिरते. लाखो माणसं, पण धावत कोणीच नाही. आपापल्या दिंडीत, आपापल्या ठेक्यात, सावकाश. एखाद्या दिंडीला जरा अडलं तरी सगळी पालखी विस्कटत नाही. आणि संध्याकाळपर्यंत एवढा समुदाय पुण्यात पोचलेला असतो!

आता यात आपल्या जिल्ह्याचा धागा बघा. गोविंद स्वरूप १९५३ मध्ये याच सीएसआयआरओमध्ये सिडनीला शिकायला गेले. तिथे पॉट्स हिल इथे सहा फुटी ३२ तबकड्यांची सूर्याकडे बघणारी दुर्बीण होती. ती जुनी झाल्यावर ऑस्ट्रेलियाने त्या तबकड्या भारताला दिल्या. स्वरूप १९६३ मध्ये टाटा मूलभूत संशोधन संस्थेत आले आणि १९६५ मध्ये त्याच तबकड्यांची दुर्बीण उभी राहिली. कुठे? कल्याणला! पुढे १९७० मध्ये उटीची दुर्बीण, आणि मग नारायणगावजवळ खोडदला जीएमआरटी. ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्या, साधारण २५ किलोमीटरच्या परिसरात पसरलेल्या. नाशिकला जाताना नारायणगावच्या पुढे-मागे मान वळवून बघायची सवय आपल्यापैकी बऱ्याच जणांना असेल.

म्हणजे ज्या संस्थेच्या टाकून दिलेल्या तबकड्यांनी आपल्याकडच्या रेडिओ खगोलशास्त्राची सुरुवात झाली, त्याच संस्थेच्या खगोलशास्त्राच्या गणिताचा अंश माझ्या राऊटरमध्ये आहे. खोडदची जागा निवडताना तिथे माणसांची रेडिओ-खरखर कमी आहे हेही बघितलं गेलं होतं. आणि तिथल्या तबकड्या मुख्य केंद्राला जोडल्या आहेत त्या हवेतून नाही, तर ऑप्टिकल फायबरने! रेडिओतले एवढे दर्दी लोक, पण जिथे तार टाकता येते तिथे तारच टाकतात. हा दुसरा धडा. हा नीट लक्षात ठेवा, पुढे कामाला येणार आहे.

*

आता भारतात लायसन्स कधी गेलं?

आपल्याकडे सर्वसामान्यांसाठी इंटरनेट आलं १५ ऑगस्ट १९९५ ला, व्हीएसएनएलचं. मोडेमची ती कीं-कूं-खर्रर्र ज्यांनी ऐकली आहे त्यांच्या कानात ती अजून असेल. तेव्हा घरात वाटून घेण्यासारखं काही नव्हतंच. एक जण नेटवर आणि बाकीच्यांचा फोन बंद. राऊटर लागायला लागला तो ब्रॉडबँड आल्यावर. २००४ च्या ब्रॉडबँड धोरणाने २५६ केबीपीएसला ब्रॉडबँड म्हटलं (हसू नका, तेव्हा फार वाटायचं), आणि जानेवारी २००५ मध्ये बीएसएनएलचं डेटावन आलं.

आणि योगायोग असा की त्याच महिन्यात, २८ जानेवारी २००५ ला, केंद्र सरकारच्या अधिसूचनेने २.४ ते २.४८३५ गिगाहर्ट्झचा पट्टा कमी ताकदीच्या यंत्रांसाठी परवानामुक्त झाला. माझ्या प्रश्नाचं उत्तर हे. १९३३ चा कायदा तसाच होता, त्याच्या भिंतीला साडेत्र्याऐंशी मेगाहर्ट्झची एक खिडकी पाडली. तीन-चार ओळींचा नियम, पण आज घराघरातला राऊटर त्या खिडकीतून आला आहे. पुण्यात तर एवढा उत्साह होता की २००६ च्या सुमारास महापालिकेने 'अनवायर पुणे' अशी सगळं शहरच बिनतारी करण्याची योजना काढली होती. तिचं पुढे काय झालं ते आपण बघतोच आहोत.

पण साडेत्र्याऐंशी मेगाहर्ट्झ म्हणजे केवढं? एकमेकांत न घुसणारे चॅनेल धड तीन: १, ६ आणि ११. मी हॉलमध्ये उभं राहून मोजलं तर शेजाऱ्यांची मिळून एक्केचाळीस नेटवर्क दिसली. एक्केचाळीस बिऱ्हाडं आणि तीन नळ! त्यामुळे ५ गिगाहर्ट्झ हवाच. तिथेही आधी थोडीच जागा होती आणि तीही मुख्यतः घरातल्या वापरापुरती. ऑक्टोबर २०१८ मध्ये नवे नियम आले आणि एकूण ६०५ मेगाहर्ट्झ मोकळे झाले. पुढचं पाऊल ६ गिगाहर्ट्झचं. त्यातला ५९२५ ते ६४२५ हा पाचशे मेगाहर्ट्झचा तुकडा परवानामुक्त करण्याच्या नियमांचा मसुदा दूरसंचार विभागाने मे २०२५ मध्ये काढला. अमेरिकेने १२०० मेगाहर्ट्झ २०२० मध्येच मोकळे केले होते. म्हणून परदेशी परीक्षणं वाचून '६ई' किंवा '७' घ्यायला निघालात तर एक गोष्ट तपासा: राऊटरचा 'देश' भारत ठेवल्यावर तो ६ गिगाहर्ट्झ खरंच चालू करतो का? नाहीतर आपण अशा खोलीचं भाडं भरतो, जिची किल्ली मिळालेलीच नाही.

आणि विश्रांतवाडीकरांसाठी खास गोष्ट. ५ गिगाहर्ट्झच्या मधल्या भागात आपण पाहुणे आहोत, घरमालक आहेत रडारवाले. २००३ च्या जागतिक रेडिओ परिषदेत हा भाग वाय-फायला दिला तो याच अटीवर, की रडारला त्रास द्यायचा नाही. म्हणून ५२ ते ६४ आणि १०० ते १४४ या चॅनेलवर जाण्याआधी राऊटर निदान एक मिनिट नुसता कान देतो. नंतरही कधी रडारसारखं काही ऐकू आलं की तो चॅनेल लगेच सोडतो आणि अर्धा तास तिकडे फिरकत नाही. माझ्या जुन्या राऊटरच्या लॉगमध्ये 'रडार सापडलं' अशा ओळी दिसल्या, काही रात्री दोन-दोनदा. लोहगाव विमानतळ इथून हाकेच्या अंतरावर. तो खरंच रडारचा आवाज होता की राऊटरला झालेला भास, हे मला सिद्ध करता येणार नाही. राऊटरला असे भासही होतात. पण कॉल चालू असताना राऊटर चॅनेल सोडून पळाला तर बायकोला कारणाशी काय देणंघेणं?

इथे खोक्यावरच्या आकड्याचं गुपित उघडलं. एएक्स ३००० म्हणजे २.४ चे ५७४ अधिक ५ चे २४०२, अशी बेरीज. दोन वेगवेगळ्या रस्त्यांची वेगमर्यादा एकत्र करून सांगण्यासारखं. त्यातले २४०२ मिळतात १६० मेगाहर्ट्झ रुंद चॅनेलवर. आणि एवढा रुंद चॅनेल ३६ पासून मांडला तर त्याचा अर्धा भाग रडारच्या अंगणात जातो, १०० पासून मांडला तर सगळाच. म्हणजे आमच्या घरी तो आकडा जवळजवळ शोभेचा. ३६ नंबरवर ८० मेगाहर्ट्झ, हे आमच्यासाठी शहाणपणाचं. आमचा प्लॅनच २०० एमबीपीएसचा आहे, त्याला ते भरपूर झालं.

*

स्वस्तातला, कुठलाही चालेल मग? थांबा. दोन गोष्टी राहिल्या.

पहिली सुरक्षा. २६ जुलै २००८ ला अहमदाबादमध्ये बॉम्बस्फोट झाले. त्याच्या काही मिनिटं आधी वृत्तवाहिन्यांना एक ईमेल गेला होता. पोलीस माग काढत पोचले नवी मुंबईत, सानपाड्याला, एका अमेरिकन माणसाच्या घरी. त्याचा काही संबंध नव्हता; त्याच्या उघड्या वाय-फायमधून दुसऱ्याच कोणीतरी तो पाठवला होता. पुढचा ईमेल असाच मुंबईतल्या एका कॉलेजच्या वाय-फायमधून गेला. जानेवारी २००९ मध्ये मुंबई पोलीस उघडी वाय-फाय शोधत रस्त्यांवर फिरत होते. परवाना गेला म्हणून जबाबदारी गेली नाही, हे आपल्याला असं कळलं.

आता पासवर्ड सगळेच ठेवतात. पण कुलूप जुनं होतं. 'वेप' हे पहिलं कुलूप २००१ मध्येच फोडता येतं हे संशोधकांनी दाखवलं. २००४ च्या 'डब्ल्यूपीए २' मध्ये २०१७ साली खोट सापडली. २०१६ मध्ये 'मिराई'ने कारखान्यातलेच पासवर्ड वापरून जगभरातले कॅमेरे आणि राऊटर कामाला जुंपले. म्हणून 'डब्ल्यूपीए ३' आहे का हे बघाच, पण त्याहून महत्त्वाचा प्रश्न दुकानदाराला विचारायचा: याचे अपडेट किती वर्षं येणार? माझ्या जुन्या राऊटरला शेवटचा अपडेट येऊन तीन वर्षं झाली होती. राऊटर बदलायचं खरं कारण हेच पुरे होतं.

यावर एक उपाय आपल्या धंद्यातल्या लोकांनी करून ठेवलाय. २००२ च्या शेवटी लिंकसिसचा निळा-काळा 'डब्ल्यूआरटी ५४ जी' आला. तो आतून लिनक्सवर चालतो हे लोकांनी हुडकून काढलं आणि परवान्याच्या अटीप्रमाणे सोर्स कोड मागितला. २००३ मध्ये कंपनीला तो द्यावा लागला. त्यातून २००४ मध्ये ओपनडब्ल्यूआरटी जन्माला आलं. ज्या राऊटरवर ते चालतं, त्याचं आयुष्य कंपनीच्या मर्जीवर अवलंबून राहत नाही.

दुसरी गोष्ट रांगेची, आणि आमचा खरा रोग तिथे निघाला. बायकोच्या सांगण्यावरून मी शेवटी मोजमाप केलं. घर शांत असताना बाहेरच्या सर्व्हरपर्यंत जाऊन यायला ९ मिलिसेकंद. मग माझ्या फोनचं फोटो बॅकअप सुरू केलं. ३८० मिलिसेकंद! वेग तोच, २००. पण वाट बघणं चाळीसपट.

किराणा दुकानात एकच रांग असते, पुढचा माणूस वर्षाचं धान्य भरतोय आणि तुम्हाला हवी आहे फक्त काडेपेटी. तसं हे. राऊटरमधल्या मेमऱ्या स्वस्त झाल्या, रांगा लांब झाल्या, आणि कॉलमधला छोटासा आवाजाचा तुकडा माझ्या फोटोंच्या पोत्यांमागे उभा राहिला. २०१० च्या आसपास जिम गेटिस यांनी स्वतःच्या घरातच हा त्रास शोधून त्याला 'बफरब्लोट' नाव दिलं. २०१२ मध्ये कॅथलीन निकोल्स आणि व्हॅन जेकबसन यांनी 'कोडेल' सुचवलं. रांगेची लांबी बघू नका, माणूस किती वेळ उभा आहे ते बघा. त्याच वर्षी लिनक्समध्ये आलेलं 'एफक्यू-कोडेल' काडेपेटीवाल्याला वेगळी रांग देतं. महागड्या राऊटरमध्ये ते असेलच असं नाही, आणि स्वस्त राऊटरवर ओपनडब्ल्यूआरटी टाकलं की ते फुकट मिळतं.

*

म्हणजे दोषी कोण? माझं फोटो बॅकअप. बरोबर साडेआठला, कारण मी फोन तेव्हा चार्जिंगला लावतो.

आणि अजून एक. राऊटर होता माझ्या टेबलावर. २०२० मध्ये फायबरवाला दादा आला तेव्हा त्याने विचारलं, "साहेब, कुठे बसवू?" मी म्हटलं, "इथेच, माझ्या खोलीत." तेव्हा ते इतकं स्वाभाविक वाटलं की घरात कोणाला विचारलंही नाही. घराच्या एका टोकाला राऊटर, दुसऱ्या टोकाला, दोन काँक्रीटच्या भिंतींपलीकडे बायकोचं टेबल. तिथे ५ गिगाहर्ट्झ पोचतच नव्हता. तिचा लॅपटॉप निमूटपणे २.४ वर, एक्केचाळीस बिऱ्हाडांच्या रांगेत. ती मधूनमधून स्वयंपाकघराच्या ओट्यावर लॅपटॉप ठेवून कॉल घ्यायची. मला वाटायचं तिला तिथे आवडतं.

पाच वर्षं. नेटवर्कमधलं थोडंफार कळणारा माणूस घरात असून. हे लिहिताना बरं वाटत नाहीये.

तर शेवटी काय केलं? अठरा हजारांचा कोळी कार्टमधून काढला. साधा, दोन पट्ट्यांचा वाय-फाय ६ राऊटर घेतला, ओपनडब्ल्यूआरटीच्या यादीत तो आहे याची खात्री करून. ४,२०० रुपये. फायबरचं खोकं माझ्या खोलीतच राहिलं, पण त्यातलं वाय-फाय बंद केलं आणि तिथून पॅसेजपर्यंत केबल ओढली. कन्सील पाइपमधून ती जाईना, म्हणून इलेक्ट्रिशियनने भिंतीवरून केसिंग पट्टी मारून दिली. टीव्ही आणि माझा डेस्कटॉप, जे जागचे हलत नाहीत, ते तारेवर घेतले. (खोडदचा धडा!) एकूण मजुरी आणि सामान १,८०० रुपये. राऊटर कपाटावर नाहीच, पॅसेजच्या भिंतीवर, छातीच्या उंचीला. कॅमेरा, गीझर आणि तो बल्ब वेगळ्या पाहुण्यांच्या नेटवर्कवर. चॅनेल ३६, रुंदी ८०. फोटो बॅकअप रात्री दोन वाजता. आणि गुरुवारी मेंटेनन्सला लाइट जाते तेव्हासाठी बारा व्होल्टचा एक छोटा यूपीएस, फायबरचं खोकं आणि राऊटर दोन्ही त्यावर. एकावर लावून उपयोग नाही, हे पहिल्याच गुरुवारी कळलं :)

परत मोजलं. शांत असताना ९, भरपूर गर्दीत २४ मिलिसेकंद. बायकोच्या टेबलावर ५ गिगाहर्ट्झ पूर्ण. बुधवारी तिचा दीड तासाचा कॉल झाला. मी बाहेर हॉलमध्ये उगीचच पेपर चाळत बसलो होतो. बाहेर आल्यावर म्हणाली, "आज काही झालं नाही." नेटवर्कवाल्याला याहून मोठं प्रशस्तिपत्रक मिळत नाही.

मग मी विचारलं, तुला माझी खोली हवी का कामाला? दार बंद होतं तिथलं. ती म्हणाली, "हे तू राऊटरच्या आधी विचारायला हवं होतंस." या रविवारी टेबलं हलवायची आहेत.

आजोबांचं लायसन्सचं पुस्तक मुलाने स्वतःच्या खणात ठेवलंय. मित्रांना दाखवणार म्हणे, रेडिओ ऐकायला परवाना लागायचा यावर कोणाचा विश्वास बसत नाही. असो. टेबलं हलवून पाठ शाबूत राहिली तर पुढच्या शनिवारी भेटू.